नर्सिंग फाउंडेशन: पहिल्या पोस्टिंगआधी काय पक्कं करायचं

बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या दोन सेमिस्टरला ‘नर्सिंग फाउंडेशन’ हा विषय असतो, जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षालाही असतो. बहुतेक जण त्याचे दोन तुकडे पाडतात. इतिहास आणि थिअरी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायची, प्रोसीजर लॅबमध्ये मॅनेकिनवर घोटायच्या. मग वॉर्डात पहिल्या दिवशी हात बरोबर चालतात, पण खाटेजवळ उभं राहून बघायचं काय, हे कळत नाही. हा विषय आधी बघायला शिकवतो आणि हाताचं काम त्यानंतर येतं, हे एकदा पटलं की थिअरीचा पेपरही वेगळा वाटायला लागतो.

प्रवेशाआधीचं थोडं

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा आणि बीएस्सी ४ वर्षांचा, म्हणजे ८ सेमिस्टरचा. बीएस्सीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. जीएनएमला शाखा कोणतीही चालते, इंग्रजी मात्र हवंच. फी भरण्याआधी दोन कागद बघा: कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची चालू वर्षाची मान्यता आहे का आणि बीएस्सी असेल तर विद्यापीठाची (बहुतेक ठिकाणी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची) संलग्नता आहे का. जुन्या वर्षाचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं, त्यावर जाऊ नका. कारण डिग्री हातात आल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलात तर नोंदणी अडते, आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

इतिहास वाचायचा तो कशासाठी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की सगळ्यांना दिवा आठवतो. उत्तरपत्रिकेतही दिवाच येतो. खरं बघण्यासारखं आहे ते पुढे. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ जणींना घेऊन त्या क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तरी त्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांच्या घरात होतं. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन आलं, इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, पाण्याची आणि हवेची सोय सुधारली, आणि जूनपर्यंत प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं. माणसं जखमांपेक्षा घाणीने जास्त मरत होती, हे नाइटिंगेल यांनी नंतर आकडे मांडून, आकृती काढून दाखवलं. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने प्रशिक्षण शाळा निघाली ती लोकांनी वर्गणी काढून जमवलेल्या नाइटिंगेल निधीतून. रात्रीच्या ड्युटीला तुम्ही टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टमध्ये ठिपके जोडता, ते मोजून दाखवण्याच्या याच परंपरेतलं काम आहे. न मोजता चार्ट भरणं एवढं मोठं पाप का मानतात, त्याचं उत्तरही इथेच सापडेल.

आपल्याकडे मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १८७१ मध्ये प्रशिक्षण सुरू झालं. महाराष्ट्रात अडचण शिकवण्याची नव्हती, मुली मिळण्याची होती. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, रक्त-मळ काढायचा, हे काम ‘चांगल्या घरच्या’ मुलीचं नाही, असं सर्रास मानलं जाई. पुण्यात १९०९ साली निघालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने, मराठी घरांतल्या मुलींना आणि विधवांना या शिक्षणाकडे वळवलं. त्याआधी १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगने गेल्या. त्या प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या, पण शुश्रूषेला कोणती किंमत मोजावी लागत होती ते यातून दिसतं.

संस्थांची साखळी लक्षात ठेवायला सोपी आहे: १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन, १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा, १९६६ मध्ये महाराष्ट्राचा परिचारिका अधिनियम, आणि २०२३ च्या नव्या कायद्याने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाची तरतूद. बाकीच्या सनावळ्या पेपरपुरत्या.

थिअरी खाटेजवळ कशी वापरायची

समजा, ऑर्थो वॉर्डात ९ नंबरच्या खाटेवर ६८ वर्षांच्या आजी आहेत. न्हाणीघरात घसरल्या, खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. उजव्या पायाला स्किन ट्रॅक्शन (बँडेज बांधून, दोरी-पुलीवरून वजन लोंबवून पाय ओढून ठेवणं) आहे, ऑपरेशन दोन दिवसांनी. मधुमेह आहे. तुम्हाला सांगितलंय: ‘या पेशंटचा केअर प्लॅन लिहून आणा.’

नाइटिंगेल यांची थिअरी म्हणजे हवा, उजेड, स्वच्छता, पाणी, आवाज. खाट खिडकीपासून किती लांब? चादर ओली आहे का, सुरकुतलेली आहे का? रात्री समोरचा दिवा डोळ्यांवर येतो का? दोन मिनिटांत बघून होतं.

नर्सिंगच्या दुसऱ्या अभ्यासक व्हर्जिनिया हेंडरसन यांनी सांगितलेल्या पेशंटच्या १४ गरजा पाठ करायला कंटाळा येतो. त्या यादीसारख्या वापरा, म्हणजे काहीतरी सुटलेलं सापडतंच. उत्सर्जन: आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. का? बेडपॅन मागायची लाज वाटते. शेजारच्या खाटेजवळ पुरुष नातेवाईक बसलेत. पाणी कमी म्हणजे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, आणि या वयात रात्री अचानक बरळणं. उपाय एक पडदा आणि ‘आजी, दर दोन तासांनी मीच विचारीन’ एवढं वाक्य. श्रद्धा ही गरज तर सगळे एका ओळीत संपवतात. पण आजींना विचारा, आज एकादशी आहे का. मधुमेहाचं इन्सुलिन सकाळी घेतलंय आणि जेवणाचं ताट तसंच परत गेलंय, अशी शुगर ७० च्या खाली जाते. मग घाम, थरथर, गुंगी. उपवास करू नका असं सांगायचा अधिकार आपला नाही, पण इन्सुलिनच्या आधी सिस्टर आणि डॉक्टरांना तो कळवणं हे आपलं काम आहे.

डोरोथिया ओरेम यांचा प्रश्न वेगळा: या माणसाला स्वतःचं काय करता येतं? आजींचा पाय अडकलाय, हात मोकळे आहेत. तोंड धुणं, वेणी घालणं, घास खाणं त्यांना जमतं. घाईत आपण भरवायला लागतो. पेशंटही मग चार दिवसांत सगळं आपल्यावर टाकतो, आणि ऑपरेशननंतर त्याला बसतं करताना दुप्पट त्रास होतो. हिल्डगार्ड पेप्लाऊ यांची परस्परसंबंधांची थिअरी १९५२ ची. पहिल्या वर्षात तिचा एवढाच उपयोग पुरे की आधी आपलं नाव सांगा, काय करणार ते सांगा, मग हात लावा.

केअर प्लॅन: पाच पायऱ्या, आणि पोरं अडकतात ती दुसरी

माहिती गोळा करणं, नर्सिंग डायग्नोसिस, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. क्रम सगळ्यांना येतो.

माहितीत दोन रकाने करा. आजी सांगतात ते एका बाजूला, तुम्हाला दिसतं-मोजता येतं ते दुसऱ्या बाजूला. ‘दुखतंय का?’ विचारलं तर आपल्याकडची म्हातारी माणसं ‘बरं आहे गं’ म्हणतात. म्हणून ‘कूस वळवताना किती दुखतं, ० ते १० मध्ये सांगा’ असं विचारा आणि त्या वेळी चेहरा बघा.

दुसऱ्या पायरीवर हमखास ‘फ्रॅक्चर नेक फीमर’ लिहिलं जातं. ते डॉक्टरांचं निदान. तुमचं निदान म्हणजे त्या फ्रॅक्चरमुळे आजींच्या जगण्यात जी अडचण आली आणि जिच्यावर परिचारिका म्हणून तुम्ही उपाय करू शकता, ती. मांडणी अशी: अडचण, तिचं कारण, तिचा पुरावा. ‘हालचाल मर्यादित, मोडलेलं हाड आणि ट्रॅक्शनमुळे, स्वतः कूस बदलता येत नाही.’ धोक्याचं निदान असेल तर पुरावा नसतो, कारण ते अजून घडलेलं नाही; तिथे फक्त धोक्याची कारणं लिहा: ‘बेडसोअरचा (पडून राहून होणाऱ्या जखमेचा) धोका; एकाच स्थितीत पडून राहणं, वय, मधुमेह.’ धोक्याच्या निदानापुढे पुरावा लिहिला की मॅडम लाल पेनने खोडतात, ते यासाठी.

उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे. ‘पेशंटला आराम वाटेल’ हे उद्दिष्ट नाही. ‘औषध दिल्यानंतर एका तासात दुखणं ७ वरून ३ वर येईल’ हे आहे.

अंमलबजावणीत पुस्तकातलं ‘दर २ तासांनी कूस बदला’ जसंच्या तसं उतरवू नका. ट्रॅक्शनवरच्या पेशंटला पूर्ण कुशीवर वळवलं तर ओढ बिघडते. आजींना खाटेवरच्या लोंबत्या दांडीला धरून हातांच्या जोरावर कंबर उचलायला सांगा, तेवढ्यात पाठ आणि कंबर बघा, पुसा, चादर ओढून घ्या. टाच उशीवर टेकवू नका. उशी पोटरीखाली, टाच अधांतरी. मग ट्रॅक्शनकडे:

वजन हवेत लोंबतंय ना? जमिनीला टेकलं किंवा खाटेच्या दांडीला अडलं की ओढ शून्य. दोरी पुलीच्या खाचेत आहे का? पायाची बोटं गुलाबी आणि गरम आहेत का, नख दाबून सोडल्यावर २-३ सेकंदांत रंग परत येतो का, अंगठा वर उचलता येतो का? गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी बँडेज घट्ट बसलं तर तिथली नस दबते आणि पाऊल खाली लोंबायला लागतं. अंगठा उचलायला सांगायचं ते यासाठी. अंगठा उचलता येत नाही किंवा मुंग्या येतात म्हटलं तर ‘थोड्या वेळाने बघू’ नाही, त्याच क्षणी सांगायचं.

कातडीवर लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग बदलत नसेल तर ती बेडसोअरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात फिरवून बघा: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागते. आणि तिथे चोळू नका. स्पिरिट-पावडर लावून माकडहाड रगडायची जुनी पद्धत काही वॉर्डांत अजून दिसते. त्याने आतल्या दुखावलेल्या पेशी आणखी फाटतात. हवा भरलेली गोल चकतीही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

हे काम किती मोठं आहे ते मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवलं. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना बेडसोअर झालेला नाही, हे सुप्रीम कोर्टापुढे २०११ च्या खटल्यात आलं. ड्युटी बदलत गेल्या, परिचारिका निवृत्त झाल्या, पण हात थांबले नाहीत.

मूल्यमापनात उद्दिष्टातला आकडा परत तपासा. दुखणं ७ वरून ५ वरच आलं असेल तर ५ लिहा आणि प्लॅन बदला. ३ लिहून टाकणं म्हणजे पुढच्या ड्युटीची वाट लावणं.

व्हायटल्स (नाडी, श्वास, ताप, बीपी): आकडा चुकतो कुठे

मोठ्या माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर. शिकत असताना नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर चुकलेला एक ठोका चार होतो. श्वास मोजतोय हे पेशंटला सांगू नका, तो मुद्दाम श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवा आणि नजर छातीवर न्या. ताप काखेत घेताना आधी घाम टिपा. गरम चहा प्यायलेल्याचं तोंडातलं तापमान अर्धा तास तरी घेऊ नका.

बीपीत मात्र सगळ्यात जास्त गोंधळ होतो:

१. पेशंट ५ मिनिटं शांत बसलेला किंवा पडलेला हवा. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री झाली का ते विचारा. लघवी लागली असेल तर आधी जाऊ द्या.

२. दंड उघडा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की तीच पट्टीसारखी आवळते. बाहीतून हात बाहेर काढायला सांगा.

३. कफची (दंडाला गुंडाळायच्या पट्टीची) खालची कड कोपराच्या घडीपासून २-३ सें.मी. वर. जाड दंडाला छोटा कफ लावला तर बीपी खोटं जास्त येतं, सैल मोठा कफ लावला तर खोटं कमी. हात हृदयाच्या पातळीला टेकलेला हवा. लोंबता हात आकडा वाढवतो.

४. मनगटाची नाडी धरून हवा भरा, नाडी जिथे बंद होते तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा. मिनिटभर थांबून स्टेथो लावा आणि त्या आकड्याच्या ३० वर भरा. काही पेशंटमध्ये मधेच थोडा वेळ आवाज बंद पडतो; ही पायरी गाळली तर ते कळत नाही आणि वरचं बीपी कमी लिहिलं जातं.

५. सेकंदाला २-३ मिलिमीटरच्या वेगाने सोडा. पहिला आवाज वरचा आकडा, आवाज बंद होतो तो खालचा. मधे बोलू नका, पेशंटलाही बोलू देऊ नका.

चार्टवर ओळीने १२०/८०, १२०/८०, १२०/८० दिसलं की इन्चार्ज सिस्टर स्वतः मशीन घेऊन उठतात. त्यांनी असे चार्ट पुष्कळ पाहिलेले असतात.

हात, सुई आणि कचरा

साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३०. अंगठे आणि बोटांची टोकं राहतात. पेशंटला हात लावण्याआधी, कोणत्याही स्वच्छ कामाआधी, रक्त-लघवीसारख्या द्रवाशी संबंध आल्यावर, पेशंटनंतर आणि त्याच्या खाटेला-कपाटाला हात लावल्यावर, असे पाच प्रसंग. ग्लोव्ह्ज घातले म्हणून यातला एकही टळत नाही.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सुया-ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात; रक्ताळलेला कापूस-ड्रेसिंग पिवळ्यात; सलाइनची नळी, कॅथेटर, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत; काच निळ्यात. सुई टोचलीच तर जखम पिळू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, लगेच कळवा. एचआयव्हीचा प्रतिबंधक कोर्स जितक्या लवकर सुरू होईल तितका चांगला, ७२ तासांनंतर त्याला अर्थ उरत नाही. ओरडा बसेल म्हणून लपवणारे विद्यार्थी हे तास घालवतात.

ड्रिप आणि लघवीचं माप

ड्रिपचं गणित परीक्षेत येतं आणि वॉर्डातही: एकूण मिलिलिटर गुणिले सेटचे (१ मि.लि.ला पडणारे) थेंब, भागिले मिनिटं. ५०० मि.लि. ४ तासांत, २० थेंबांचा सेट: ५०० × २० ÷ २४० = ४१.६७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. थेंबांचा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. मायक्रो सेटला ६०. पाकीट न बघता गणित केलं तर उत्तर तिप्पट चुकू शकतं.

आयओ चार्टचा (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं याच्या नोंदीचा) शत्रू म्हणजे चांगुलपणा. मावशी बेडपॅन लगेच रिकामं करतात, सून चहा पाजून जाते, दोन्हींची नोंद नाही. सकाळीच दोघींना सांगून ठेवा, आणि घरचा कप किती मिलिलिटरचा आहे ते एकदा मोजून घ्या. मोठ्या माणसाला ताशी वजनाच्या किलोमागे अर्धा मि.लि. लघवी व्हायला हवी. ६० किलोच्या आजींची ताशी ३० च्या खाली राहिली तर सांगायचं.

लिहिणं आणि ओव्हर

‘पेशंट कम्फर्टेबल’ ही नोंद नव्हे. नोंद अशी असते (वॉर्डात हे इंग्रजीत लिहाल): ‘१४:१०. डाव्या टाचेवर २ सें.मी. लाल डाग, दाबल्यावर रंग बदलत नाही. पोटरीखाली उशी देऊन टाच मोकळी केली. इन्चार्ज सिस्टरना कळवलं.’ वेळ, दिसलं ते, केलं ते, कुणाला सांगितलं ते. डाग डावीकडे आहे हेही बघा: आजी मोडक्या पायाला जपत चांगल्या टाचेवर जोर देऊन सरकतात, आणि सगळ्यांचं लक्ष ट्रॅक्शनच्या पायाकडे असतं. चुकलं तर एक आडवी रेघ, वर सही. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. पुढच्या तासाचं बीपी आधीच भरून ठेवणं हा खोटा कागद आहे, कोर्टात तो तसाच वाचला जातो.

पेशंट ओळखायचा तो नाव आणि आयपी (दाखल पेशंटच्या) नंबरावरून, खाटेच्या नंबरावरून नाही. खाटा रात्रीतून बदलतात. युनिफॉर्ममधला फोटो वॉर्डात काढू नका. मागे कुणाची तरी उघडी पाठ किंवा केसपेपर असतोच. ऑपरेशनची संमती समजावून घेणं डॉक्टरांचं काम. आजींना काही कळलेलं नाही असं दिसलं तर अंगठा उमटण्याआधी डॉक्टरांना परत बोलवा.

ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या परिचारिकेला देणं) टेबलाशी बसून घेऊ नका. देणारी आणि घेणारी दोघी खाटेजवळ जा: कोण, कशासाठी दाखल, आज काय बदललं, आता काय बघायचं, काय राहिलंय. बोलता बोलता ट्रॅक्शनचं वजन, ड्रिपची बाटली, लघवीची पिशवी आणि दोन्ही टाचा स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. सही त्यानंतर.